कोर्टाने घटस्फोट दिला, तरी फादर लग्न का लावत नाहीत?

समान नागरी कायद्याचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. उत्तराखंडात जानेवारी 2025 मध्ये असा कायदा लागू झाला, तेव्हाही तेच झालं. ख्रिस्ती कुटुंबांचे लग्नाचे नियम काय आहेत, हे त्या गदारोळात कुणी विचारत नाही, आणि भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजाऱ्यालाही ते धड ठाऊक नसतात. वसई, मुंबई, पुण्यात ज्यांचे कॅथलिक मित्र आहेत त्यांना मात्र एक कोडं हमखास पडलेलं असतं. एकाचा कोर्टातून रीतसर घटस्फोट झालाय, हुकूमनामा हातात आहे, तरी चर्चमध्ये त्याचं दुसरं लग्न लागत नाही. दुसरा सांगतो की चर्चने माझं लग्न रद्द करून दिलं, तेही दोन मुलं झाल्यावर. पहिल्याला इतकी कडक शिस्त आणि दुसऱ्याला ही मोकळीक, हे कसं काय?

दोन्ही गोष्टी एकाच विचारातून निघतात. तो विचार पटो न पटो, समजून घेतला की कोडं बऱ्यापैकी सुटतं.

लग्न लावतं कोण?

फादर लावतात, असं आपण सहज म्हणतो. कॅथलिक शिकवण तसं म्हणत नाही. तिच्या मते लग्न वर आणि वधूच एकमेकांशी लावतात आणि फादर चर्चच्या वतीने साक्षीला उभे असतात. लग्न घडतं ते दोघांच्या संमतीने. ती संमती दुसरं कुणी देऊ शकत नाही, आई-बाप नाही, बिशप नाही आणि पोपही नाही.

फादर आणि दोन साक्षीदार समोर असलेच पाहिजेत, हा नियमसुद्धा तुलनेने उशिरा आला. 1563 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तो घातला. त्याआधी युरोपात तरुण मंडळी गुपचूप एकमेकांना वचन देत आणि तेवढ्यावर लग्न झालेलं धरलं जाई. पुढे एखादा ते नाकारून दुसरीकडे बोहल्यावर चढला तर पुरावा कुठून आणणार? म्हणून साक्षीदार आले, नोंदवही आली, आणि लग्नाआधी चर्चमध्ये दोघांची नावं पुकारून ‘कुणाची हरकत आहे का’ असं विचारण्याची जुनी पद्धत आणखी पक्की झाली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपता संपता ती घोषणा होते तेव्हा बाकावरच्या बायका माना वळवून बघतात, ती प्रथा ही.

लग्नविधीत वचन देण्याआधी फादर दोघांना तीन गोष्टी विचारतात. तुम्ही कुणाच्या दबावाशिवाय, मनापासून आला आहात ना? मरेपर्यंत एकमेकांवर प्रेम करायला आणि एकमेकांचा मान राखायला तयार आहात ना? देव देईल ती मुलं प्रेमाने स्वीकारून त्यांना ख्रिस्ती वळण लावाल ना? व्हिडिओवाला कॅमेरा सरसावत असतो, सासू साडीच्या निऱ्या सारखी करत असते, आणि ‘हो’ ‘हो’ म्हणत हे दीड मिनिटात उरकतं. पण पुढे कधी भांडण चर्चच्या दारात आलं, तर सगळा खल या दीड मिनिटावरच होतो.

उजवे हात हातात घेऊन वचनं होतात, अंगठ्या होतात, रजिस्टरवर सह्या होतात. ज्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) त्या मुलाचा आणि त्या मुलीचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झाला होता तिथेही कळवलं जातं, आणि तिथल्या जुन्या वहीत त्यांच्या नावापुढे समासात लग्नाची नोंद चढते. म्हणून लग्न ठरलं की फादर स्नानसंस्काराचा नवा, ताजा दाखला मागतात. कपाटात जपून ठेवलेला लहानपणीचा चालत नाही, कारण त्यावर समासातली नोंद नसते.

तुटत नाही म्हणजे काय?

दोन स्नानसंस्कारित माणसांचं लग्न कॅथलिकांच्या सात संस्कारांपैकी एक आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात येशूचं वाक्य आहे: ‘देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये.’ कॅथलिक चर्च हे वाक्य अक्षरशः घेतं. दोघांनी मोकळ्या मनाने संमती दिली आणि पुढे पती-पत्नी म्हणून संबंध आला, की ते लग्न मृत्यूखेरीज कशानेही सुटत नाही. कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा स्वतःचा कायदा (सध्याची संहिता 1983 ची), यात पळवाट ठेवत नाही. शरीरसंबंध आलाच नसेल तर पोप ते लग्न सोडवू शकतात. आला असेल तर त्यांनाही तो अधिकार नाही.

म्हणून कोर्टाचा घटस्फोट चर्चच्या हिशेबी लग्न संपवत नाही. सरकारने आपल्या दप्तरात नोंद बदलली, एवढाच त्याचा अर्थ. फादर दुसरं लग्न लावत नाहीत, कारण त्यांच्या लेखी त्या माणसाचं पहिलं लग्न अजून चालू आहे.

मग ‘रद्द’ कसं होतं?

इथे जमिनीच्या व्यवहाराचं उदाहरण उपयोगी पडेल. एखादं खरेदीखत झालं. मुद्रांक भरला, सह्या झाल्या, नोंदणी झाली. दहा वर्षांनी उघड झालं की विकणारा सहीच्या दिवशी अल्पवयीन होता. कोर्ट म्हणेल, हा व्यवहार मुळातच ग्राह्य नाही. कागद होता, ताबा होता, पीकही निघालं, पण खरेदी झालीच नाही. याउलट रीतसर खरेदी झाली आणि घेणाऱ्याला नंतर जमीन खडकाळ निघाली म्हणून पस्तावा झाला, तर खरेदी रद्द होत नाही.

घटस्फोट म्हणजे झालेला व्यवहार मोडणं. चर्च जे देतं त्याला लोक सर्रास अनलमेंट म्हणतात. त्यात चर्च काही मोडत नाही. सहीच्या दिवशी काही खोट होती का, ते तपासतं आणि असल्यास ‘लग्न झालंच नव्हतं’ असा निवाडा देतं. त्यामुळे अर्जदाराला विचारला जाणारा प्रश्न ‘तुमचं का फिसकटलं’ असा नसतो. लग्नाच्या दिवशी, त्या वचनांच्या वेळी, दोघांच्या मनात आणि परिस्थितीत काय होतं, हा प्रश्न असतो.

कोणती खोट चालते?

त्या तीन प्रश्नांकडे परत जा, बहुतेक कारणं तिथेच सापडतात.

दबाव किंवा भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे. मुलगी गरोदर राहिली म्हणून दोन्हीकडच्यांनी पंधरा दिवसांत उरकून टाकलेलं लग्न या कारणाखाली तपासलं जाऊ शकतं. फसवणूक हे दुसरं कारण: संसारावर गंभीर परिणाम करणारी एखादी गोष्ट, लग्न पदरात पडावं म्हणून मुद्दाम लपवलेली असणं. पगार थोडा फुगवून सांगितला, एवढ्याने भागत नाही. तोंडाने ‘हो’ पण मनात पक्का ‘नाही’, हेही एक कारण आहे. मूल होऊच द्यायचं नाही, किंवा जमलं तर ठीक नाहीतर सोडून देऊ, असं आधीपासून ठरवून उभं राहिलेलं माणूस. आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं, सगळ्यात जास्त वादाचं कारण म्हणजे मानसिक असमर्थता. लग्न म्हणजे काय याचा विचार करण्याची कुवतच तेव्हा गंभीररीत्या उणी होती, किंवा मनाच्या स्थितीमुळे लग्नाच्या जबाबदाऱ्या पेलणं त्या व्यक्तीला शक्यच नव्हतं.

याशिवाय काही तांत्रिक अडथळे आहेत. आधीचं लग्न चालू असणं, जवळचं रक्ताचं नातं, आणि परवानगी न घेता बिगरख्रिस्ती व्यक्तीशी केलेलं लग्न. मामे-आते भावंडांमधलं लग्न चर्चमध्ये खास सवलत घेतल्याशिवाय वैध होत नाही, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला नवल वाटेल.

प्रकरण चालतं कसं?

बिशपच्या अखत्यारीत एक ट्रिब्युनल असतं, म्हणजे कॅनन लॉ शिकलेल्या न्यायाधीशांचं चर्चचं न्यायालय. अर्ज गेला की दुसऱ्या बाजूला कळवावंच लागतं, लपूनछपून काही होत नाही. लेखी प्रश्नावली येते, आणि ती बघून अनेकांना घाम फुटतो. तुम्ही भेटलात कसे, लग्नाचा विषय पहिल्यांदा कुणी काढला, साखरपुडा मोडायचा विचार कधी आला होता का, घरात दारू होती का, लग्नाच्या आदल्या आठवड्यात काय बोलणं झालं. साक्षीदार लागतात, आणि तेही त्या काळात जवळून पाहिलेले: बहीण, जुना मित्र, कधी आईच. मानसिक कारण असेल तर तज्ज्ञाचा अहवाल मागवतात.

यात एक अधिकारी असा असतो की त्याचं कामच मुळी ते लग्न वाचवणं. त्याला विवाहबंधाचा रक्षक म्हणू. दोन्ही पक्षांना लग्न रद्द हवं असलं, तरी ते वैध होतं हे दाखवणारे मुद्दे त्याने मांडायचे असतात. कायद्याचं गृहीतकही लग्नाच्या बाजूचं: उलट सिद्ध होईपर्यंत लग्न वैध.

पूर्वी एका ट्रिब्युनलने निकाल दिला तरी पुरे होत नसे. दुसऱ्यानेही तोच निकाल द्यावा लागे, मगच सुटका. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ही दुसऱ्या निकालाची सक्ती काढली. कारण उघड असेल आणि दोघांचीही संमती असेल तर बिशपने लवकर निकाल द्यायची वाट काढली आणि खर्च शक्यतो लोकांवर पडू नये असंही सांगितलं. डिसेंबर 2015 पासून हे लागू आहे. ‘पोपकडून घटस्फोटाला मुभा’ अशा थाटाच्या बातम्या तेव्हा फिरल्या. मुभा तपासणीचा रस्ता आखूड करण्यापुरती होती, कारणं होती तीच राहिली.

हा मागच्या दाराचा घटस्फोटच नाही का?

हा आक्षेप पोकळ नाही. संसार मोडल्यावर मागे वळून पाहिलं की प्रत्येक लग्नात काहीतरी खोट सापडतेच. सुखाने चाललेल्या संसारातल्या नवऱ्याची ‘मानसिक अपरिपक्वता’ कुणी तपासत नाही, मोडलेल्यातल्याची तपासतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1987 मध्ये रोममधल्या चर्चच्या वरिष्ठ न्यायाधीशांना याचीच समज दिली होती: लग्न निभावणं अवघड असणं वेगळं आणि अशक्य असणं वेगळं, दोन्हींची गल्लत करू नका.

माझं मत विचाराल तर तत्त्व म्हणून फरक खरा आहे, व्यवहारात त्याची सीमारेषा पुसट आहे. ज्याला नीट मांडणी करता येते, ज्याच्याकडे बोलायला तयार असलेले साक्षीदार आहेत, त्याचं प्रकरण सरकतं. जिच्या माहेरचेच लोक ‘घरातली गोष्ट बाहेर नको’ म्हणून साक्ष द्यायला येत नाहीत, तिचं अडतं. हे चर्चच्या न्यायालयाचंच दुखणं आहे असं नाही, पण तिथे ते जास्त बोचतं, कारण तपास मनाचा असतो आणि मनाला कागद नसतो.

या वाटेने इतिहासातला सगळ्यात गाजलेला अर्जदार गेला तो इंग्लंडचा आठवा हेन्री. त्यानेही घटस्फोट मागितला नव्हता. भावाच्या विधवेशी झालेलं माझं लग्न मुळातच अवैध होतं, असं त्याचं म्हणणं. रोमने ते मानलं नाही, आणि 1534 मध्ये इंग्लंडच्या चर्चचं प्रमुखपद त्याने स्वतःकडे घेतलं. त्याच वर्षी इकडे वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली आणि कॅथलिक लग्नाची रीत तिथे रुजायला वाट मिळाली, हा निव्वळ योगायोग.

मुलं अनौरस ठरतात का?

नाही. ही भीती फार पसरलेली आहे आणि तिच्यापायी कित्येक बायका अर्जच करत नाहीत. निदान एका जोडीदाराने तरी चांगल्या हेतूने लग्न केलेलं असेल, तर त्यातून झालेली मुलं औरसच राहतात, असं कॅनन लॉमध्ये स्पष्ट लिहिलंय.

नवरा मारत असेल तरी नांदायचंच?

तेही नाही. जोडीदारापासून शरीराला, मनाला किंवा मुलांना धोका असेल तर वेगळं राहण्याचा हक्क कॅनन लॉ देतो. पोटगी, मुलांचा ताबा यासाठी कोर्टातून घटस्फोट घेणंही त्यात बसतं. घटस्फोटित व्यक्ती मिस्साला जाऊ शकते, कम्युनियन (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) घेऊ शकते. अडचण येते ती दुसऱ्या लग्नाला. ‘घटस्फोट झाला म्हणून चर्चमधून बाहेर काढलं’ हे गावगप्पांमध्ये ऐकू येतं, तसा नियम कुठेही नाही. नणंदा-जावांचा अलिखित नियम वेगळा, त्याला कॅनन लॉचा आधार नाही.

सरकारी कायद्याचं काय?

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि यात लोक जास्त फसतात. चर्चचं अनलमेंट मिळालं म्हणजे कायद्याने तुम्ही मोकळे झालात असं नाही. केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये हे स्पष्ट केलं. ट्रिब्युनलच्या निवाड्याला मान्यता द्यावी अशी याचिका पुढे केली गेली, तीही 2017 मध्ये फेटाळली गेली. फक्त चर्चचा कागद घेऊन कुणी दुसरं लग्न केलं, तर ते लग्न कायद्याने टिकत नाही आणि द्विविवाहाचा गुन्हाही अंगावर येऊ शकतो. दुसऱ्या लग्नाला चर्चमध्ये उभं राहायचं तर कोर्टाचा हुकूमनामा आणि ट्रिब्युनलचा निवाडा, असे दोन्ही कागद हातात लागतात.

आणि कोर्टाचा कागदही ख्रिस्ती माणसाला कधी सोपा नव्हता. त्यासाठी लागू होतो तो 1869 चा घटस्फोट कायदा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. निव्वळ मारहाण पुरेशी नव्हती! वर जिल्हा न्यायालयाचा हुकूम उच्च न्यायालयाने कायम करावा लागे. 1995 मध्ये केरळ आणि 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यातल्या जाचक तरतुदी उडवल्या, आणि 2001 मध्ये संसदेने कायदाच बदलला. क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं, परस्परसंमतीने घटस्फोट आला. म्हणजे जी सोय हिंदू जोडप्यांना 1976 पासून आहे, ती ख्रिस्ती जोडप्यांना पंचवीस वर्षांनी मिळाली. तीही दोन वर्षं वेगळं राहिल्याच्या अटीवर, हिंदू विवाह कायद्यात ही अट एका वर्षाची आहे. केरळ उच्च न्यायालयाने ती 2010 मध्ये एका वर्षावर आणली आणि डिसेंबर 2022 मध्ये उरलेलं वर्षही घटनाबाह्य ठरवलं. कायद्याच्या पुस्तकात मात्र आकडा दोनचाच आहे.

गोव्याची तऱ्हा निराळी. तिथे पोर्तुगीज काळातल्या 1946 च्या हुकुमानुसार चर्चमधल्या लग्नाला नागरी मान्यता मिळते, आणि चर्चच्या ट्रिब्युनलने लग्न रद्द ठरवलं तर उच्च न्यायालयामार्फत त्याची नागरी नोंद होण्याची तरतूद आहे. समान नागरी कायद्याचं उदाहरण म्हणून ज्या राज्याकडे बोट दाखवलं जातं, तिथली ही गोष्ट भाषणांत सहसा येत नाही.

सगळे ख्रिस्ती असंच मानतात?

मुळीच नाही. वर सांगितलं ते कॅथलिकांचं. नगर, पुणे, नाशिककडचे बरेच मराठी ख्रिस्ती प्रोटेस्टंट परंपरेतले, अनेकजण 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. प्रोटेस्टंट शिकवणीत लग्न पवित्र आहे, आयुष्यभराचं आहे, पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांच्यासारखा तो संस्कार नाही. मत्तयच्या त्याच अध्यायात पुढे ‘व्यभिचाराच्या कारणावाचून’ अशी पुस्ती आहे, तिच्या आधारे ते घटस्फोट दुःखद पण शक्य मानतात. ट्रिब्युनल नसतं. कोर्टाचा हुकूम झाल्यावर पुन्हा लग्न लावायचं की नाही, हे पाळक आणि वरिष्ठ परिस्थिती पाहून ठरवतात.

जोडीदारांपैकी एकानेच धर्म बदलला तर? संत पौलाने करिंथकरांना लिहिलं आहे की विश्वास न ठेवणारा जोडीदार निघून गेला तर दुसरा बांधलेला राहत नाही. ब्रिटिशांनी 1866 मध्ये धर्मांतरितांना अशी लग्नं कोर्टातून सोडवून घेण्याची सोयही केली. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा ही वाट त्यांना खुली होती. ते त्या वाटेला गेले नाहीत. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग आपलं सोवळंओवळं सांभाळत नगरला नवऱ्याजवळ आल्या, आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अनलमेंट मिळालंच नाही तर?

कॅथलिकांपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न हा. कोर्टाचा घटस्फोट आहे, ट्रिब्युनलने अर्ज फेटाळला, आणि माणसाने रजिस्टर ऑफिसात जाऊन दुसरं लग्न केलं. त्याला मिस्साला यायची बंदी नाही, मुलांचे स्नानसंस्कार होतात, पण कम्युनियनची रांग लागली की त्याने बाकावर बसून राहायचं. जॉन पॉल दुसरे यांनी 1981 मध्ये घालून दिलेला नियम असा होता की दुसरा संसार सोडणं शक्य नसेल तर दोघांनी भावा-बहिणीसारखं राहावं, तरच कम्युनियन. चाळिशीतल्या जोडप्याला हे सांगताना फादरही चाचरतात.

पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या पत्रात नियम न बदलता दार किलकिलं केलं. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी आहे, ती समजून घ्या, आणि काही जणांना संस्कारांचाही आधार मिळू शकतो. हे शेवटचं त्यांनी एका तळटीपेत लिहिलं, आणि त्या तळटीपेवरून चार कार्डिनलांनी (चर्चच्या सर्वांत वरिष्ठ धर्मगुरूंपैकी चौघांनी) त्यांना जाहीर प्रश्न विचारले. व्यवहारात आता बरंच काही बिशप आणि फादर यांच्यावर अवलंबून आहे. एका धर्मप्रांतात फादर चार-सहा महिने त्या जोडप्याशी बोलून वाट काढतील, दुसरीकडे पहिल्याच भेटीत ‘आधी ट्रिब्युनलचा कागद आणा’ म्हणतील. त्यामुळे अशा स्थितीतल्या माणसाने शेजारच्या धर्मग्रामातल्या चुलतभावाचा अनुभव प्रमाण मानू नये. आपल्या फादरांशी बोलावं, समाधान झालं नाही तर थेट आपल्या धर्मप्रांताच्या ट्रिब्युनलच्या कचेरीत जाऊन विचारावं. पहिली चौकशी करायला वकील लागत नाही.